थंडी न पडलेल्या हिवाळ्यात घराची तयारी: कोठीपासून मोरीपर्यंत

पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा एरवी ११-१२ अंशांच्या आसपास उतरतो आणि स्वयंपाकघरातील किड्यामुंग्यांची वर्दळ महिना-दीड महिना मंदावते. धान्य तपासणे, माळे उपसणे, जाळ्या बदलणे ही कामे आपण होळीच्या सुमारास करू म्हणून पुढे ढकलतो, ती याच सवलतीच्या भरवशावर. मात्र ज्या वर्षी बंगालच्या उपसागरावरून बाष्प येऊन आकाश ढगाळ राहते आणि दिवसभर साठलेली ऊब रात्री निघून जाऊ शकत नाही, त्या वर्षी ही सवलत मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि त्यानंतरच्या दिवसांत महाराष्ट्रात नुकती पडू लागलेली थंडी ओसरली, ती याच कारणाने. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्यापुरते सर्वाधिक ठरले. कीटकांना स्वतःची ऊब नसते. भोवतालची हवा जितकी उबदार, तितकी त्यांची वाढ वेगवान. म्हणून अशा वर्षी होळीची कामे मार्गशीर्षातच हातात घ्यावीत.

सुरुवात कधी करावी, हे कॅलेंडर पाहून ठरवू नये. सलग तीन-चार रात्री पंखा लावावासा वाटला, ट्यूबलाइटभोवती चिलटे जमू लागली आणि एरवी जानेवारीत दिसेनाशी होणारी पाल ट्यूबच्या पट्टीमागून पुन्हा डोकावू लागली, की काम सुरू करण्याची वेळ झाली असे समजावे. पाल स्वतः उपद्रवी नाही. तिला खायला मिळू लागले आहे, एवढीच बातमी ती देते.

पहिले काम गव्हातांदळाच्या कोठीचे. सर्वांत जास्त वेळ याच कामाला द्यावा, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. वर्षाची बेगमी आपण एप्रिल-मे महिन्यात भरतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीपर्यंत कोठीच्या तळाशी राहिलेले धान्य आठ-नऊ महिन्यांचे जुने झालेले असते आणि त्याला पावसाळ्याची ओल लागलेली असते. पोरकिड्याची मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडून आत एक अंडे घालते आणि ते भोक बंद करते. अळी आणि कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पार पडतात आणि बाहेर येतो तो थेट पूर्ण वाढलेला किडा. २८-३० अंशांच्या उबेत हे सारे सुमारे महिनाभरात उरकते, १८ अंशांच्या आसपास त्याला तीनेक महिने लागतात आणि १५ अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. उबदार हिवाळ्यातला चार-सहा अंशांचा फरक आपल्याला शाल काढण्याइतकाच जाणवतो, किड्यांच्या दृष्टीने मात्र तो एका पिढीचा असतो. चाळून किडे काढले तरी पंधरा दिवसांनी ते पुन्हा दिसतात, त्याचेही कारण हेच: चाळणीतून किडे पडतात, आत किडे असलेले दाणे धान्यातच राहतात.

म्हणून कोठी वरून पाहून झाकण लावू नये, तर कोरडा हात कोपरापर्यंत आत घालावा. कीड लागलेले धान्य आतून तापते. तळाशी हाताला कोमट लागले किंवा हात बाहेर काढल्यावर बोटांना बारीक पांढरट पीठ चिकटले, तर किडे डोळ्यांना दिसोत वा न दिसोत, कोठी रिकामी करावीच. मूठभर गहू पाण्यात टाकून पाहावा. पोखरलेले दाणे वर तरंगतात. मागे एका उबदार जानेवारीत आमच्या कोठीचा वरचा थर स्वच्छ पाहून मी निर्धास्त राहिले आणि संक्रांतीनंतर दळणाला गहू काढला, तेव्हा तळाचा गहू अक्षरशः चालू लागला होता.

धान्य उपसल्यावर ते सुपाने पाखडून घ्यावे आणि स्वच्छ, कडक उन्हाच्या दिवशीच गच्चीवर पातळ पसरावे. ढगाळ दिवशी वाळत घातलेले धान्य हवेतील ओल शोषून घेते, म्हणजे श्रम करून नुकसान ओढवून घेतल्यासारखे होते. दाणा दाताखाली धरल्यावर कट्ट आवाज होऊन फुटला, तर तो पुरेसा वाळला असे मानावे. दाबला जाऊन चपटा झाला, तर आणखी एक ऊन द्यावे. वाळलेले धान्य गरम असतानाच कोठीत भरण्याची घाई मात्र करू नये, कारण कोठीचा पत्रा रात्री गार झाला की आतल्या बाजूला पाणी सुटते आणि वरचा थर ओलावतो. संध्याकाळी धान्य घरात आणून, रात्रभर कापडाखाली निवू देऊन सकाळी भरावे. तांदूळ कडक उन्हात तडकतो, त्याला सावलीतली कोरडी हवा बरी. कडधान्यांना एरंडेलाचा हलका हात चोळून ठेवण्याची जुनी पद्धत भुंग्यांविरुद्ध खरोखर उपयोगी आहे. रवा, मैदा आणि दळून आणलेली पिठे यांना उबेत लवकर जाळी धरते. ती थोडी थोडी आणावीत, आणि फ्रीजरमध्ये जागा असल्यास नवी पाकिटे आठवडाभर तेथे ठेवून मग डब्यात भरावीत. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल, तर तो पूर्ण वाळलेला असावा.

धान्यात औषध घालण्याबाबत एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओळखीने कोणी आणून दिल्या, तरी राहत्या घरात ठेवू नयेत आणि वापरू नयेत. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जाऊ शकतो आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. पारदाच्या गोळ्याही खाण्याच्या धान्यात नसलेल्या बऱ्या, कारण पारा विषारीच आहे.

कोठीनंतर ओट्याकडे वळावे. झुरळांसाठी प्रथम ती दोन जातींपैकी कोणती आहेत, हे पाहावे. मोठी, तांबूस झुरळे बहुधा मोरीच्या आणि चेंबरच्या वाटेने येतात. त्यांच्यासाठी मोरीवर बारीक जाळी, तिच्यावर रात्रीचे झाकण आणि पाइपभोवतीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवणे, एवढे पुष्कळदा पुरते. लहान, फिकट तपकिरी झुरळे घरातच वाढतात. त्यांची मादी ३० ते ४० अंड्यांची पिशवी पिल्ले निघण्याच्या वेळेपर्यंत अंगावर वागवते, त्यामुळे एक मादी फटीत सुटली तरी काही महिन्यांत ओटा भरून जातो. फ्रिजच्या दाराच्या रबराची घडी बोटाने उघडून पाहावी, मिक्सर उलटा करून त्याच्या बुडाच्या जाळीत टॉर्च मारावा आणि फ्रिजमागे मोटर गरम राहते त्या जागी झाडू फिरवावा. मिरपुडीसारखे काळे कण दिसले, तर त्यांचा मुक्काम तेथेच आहे. अशा ठिकाणी झुरळमार जेलचे मसुरीएवढे ठिपके लावावेत आणि त्यांच्या जवळपास फवारा मारू नये, नाहीतर झुरळे जेलकडे फिरकतच नाहीत. फवारा मारून लगेच जेल लावणारे कामगार मी पाहिले आहेत; त्यांना थांबवण्यात संकोच करू नये. रात्री सिंक पुसून कोरडे ठेवावे, कारण झुरळ अन्नावाचून बराच काळ तग धरते, पाण्यावाचून फार दिवस नाही.

डासांच्या बाबतीत हिवाळ्यात आपण गाफील असतो, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यावर वाढतो हे पाठ असूनही पाणी नेमके कोठे साठले आहे, हे आपण पाहत नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस डिसेंबरातही पाळावा. त्या दिवशी पिंपे नुसती रिकामी न करता त्यांच्या आतल्या कडा काथ्याने घासाव्यात, कारण अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. फ्रिजमागची तबकडी, मनीप्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा आणि दिवाळीपूर्वी माळ्यावर चढवलेल्या कूलरच्या तळाशी राहिलेले पाणी, हे सर्व तपासावे. रात्री चावणारे डास बहुधा घाण पाण्यातले. त्यांच्यासाठी सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळीचे कापड बांधावे. नदीकाठी राहणाऱ्यांनी जलपर्णीबाबत महापालिकेकडे जानेवारीतच लेखी तक्रार करावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातील केशवनगर-मुंढवा परिसरात नदीवर किड्यांचे वावटळीसारखे उंच खांब दिसले, तेव्हा ते डासच आहेत की न चावणारे दुसरे कीटक, यावर बरीच चर्चा झाली. खिडक्यांना जाळी बसवून घेणाऱ्याला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही.

मुंग्यांचे काम लहान, पण तिळगुळाच्या आधी उरकावे. रांग दिसली की मारण्यापूर्वी ती कोठून निघते ते पाहावे, फट बुजवावी आणि सर्व वाट साबणाच्या पाण्याने पुसावी, कारण मुंग्या वासाच्या खुणेवरून चालतात. गुळाची ढेप पाण्याच्या परातीत डबा ठेवून त्यात ठेवावी आणि परातीतले पाणी रोज बदलावे. न बदलल्यास आपण डासांची सोय करतो.

यंदा न वापरलेले लोकरीचे कपडे तसेच ट्रंकेत पडू देऊ नयेत. ते काढून, झटकून, ऊन दाखवून ठेवावेत, कारण कसर आणि लोकर खाणाऱ्या अळ्या अंधाऱ्या, न हलवलेल्या घडीतच वाढतात. बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवू नयेत. काही अर्भकांना त्यामुळे रक्तपेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. लग्नसराईतून परतल्यावर बॅगा गादीवर न उघडता बाल्कनीत उघडाव्यात आणि शिवणींत ढेकूण पाहावेत. उंदरांसाठी दाराखालची बोटभर फट बंद करणे पिंजऱ्याइतकेच महत्त्वाचे आहे.

हे सारे करूनही व्यावसायिक फवारणीची गरज वाटल्यास परवाना, औषधाचे नाव आणि खोली किती वेळ बंद ठेवायची, हे लिहून मागावे, आणि घरात दमेकरी किंवा गरोदर स्त्री असल्यास ते आधी सांगावे. जानेवारीत वेळ सहज मिळते, मार्चमध्ये आठवडा थांबावे लागते.

जुन्या धान्यातला चांगला भाग मार्चअखेरपर्यंत संपवावा आणि उरलेला वेगळ्या डब्यात काढावा. नव्या गव्हात तो मिसळू नये. रिकामी कोठी घासून, तिच्या कडेची दुमड टोकदार काडीने खरवडून, दोन दिवस उघडी उन्हात आडवी ठेवावी. दुमडीतून निघालेले जुने पीठ अंगणात न झटकता कागदात घेऊन जाळावे.