पाकिटावरचं वजन तपासताना या चुका टाळा

भरण्याचं मशीन दर पाकिटात तंतोतंत तेवढाच माल टाकू शकत नाही, म्हणून एकेका पाकिटाला थोडी तूट चालते. वैधमापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीत (आर ८७) ही मर्यादा १०० ग्रॅमला ४.५ ग्रॅम, ५०० ग्रॅमला १५ आणि १ किलोलाही १५ ग्रॅम आहे. ही मर्यादा म्हणजे भरणाऱ्याला दिलेली सूट, असं समजणं हीच सर्वांत मोठी चूक.

मशीन ४८८ ग्रॅमवर लावलं आणि ते स्थिर चाललं, तर ५०० ग्रॅमचं एकही पाकीट मर्यादेबाहेर जाणार नाही; तरी प्रत्येक ग्राहक १२ ग्रॅमला नाडला जाईल. ही लबाडी फक्त सरासरीत सापडते. ५०१ ते ३२०० पाकिटांच्या गटातून, म्हणजे एकत्र तपासायच्या मालातून, ८० पाकिटं काढा. त्यांच्या निव्वळ वजनाचं (वेष्टन वगळून नुसत्या मालाचं) प्रमाण विचलन, म्हणजे वजनं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप, ०.२९५ ने गुणून सरासरीत मिळवा. समजा सरासरी ४९८ आणि विचलन ४ आलं, तर उत्तर ४९९.१८. ते ५०० च्या खाली आहे, म्हणजे गट नापास. शिवाय १५ ग्रॅमहून जास्त तुटीची पाकिटं ८० पैकी ५ पर्यंतच चालतात, आणि ३० ग्रॅमहून जास्त तुटीचं एकही नाही. घरच्या काट्यावर एकच पाकीट हलकं आढळलं तर तक्रार जरूर करा, पण त्यावरून गटाचा निकाल लावू नका.

भरणाऱ्याच्या माणसाला हा नमुना निवडू देऊ नका. वरच्या थरातली खोकी तेवढी उघडणंही चूकच.

वेष्टनाचं वजन अंदाजे धरलं की पुढचं सगळं गणित फसतं. झाकण, लेबल, ओलावा शोषणारी पुडी, आतला चमचा हे सगळं वेष्टनच. १० रिकामी वेष्टनं तोला. सरासरी छापील वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असेल तर तीच वजा करा. जड काचेच्या बरण्यांना हे पुरत नाही, तिथे २५ तोला. त्यांच्या वजनाचं प्रमाण विचलन तुटीच्या मर्यादेच्या पाव भागाहून जास्त असेल, तर प्रत्येक बरणी स्वतंत्र तोलावी लागते.

पाकातल्या किंवा खारवणातल्या पदार्थाचं निथळलेलं वजन चाळणी तिरकी धरून २ मिनिटं निथळल्यावर घ्या. गोठवलेल्या मालावरचा बर्फाचा थर निव्वळ वजनात येत नाही.

गट नापास झाल्यावर हलकी पाकिटं वेचून बाकीचा माल तसाच सोडू नका. दुरुस्त केलेला गट नवा धरून नमुना पुन्हा काढा.