रक्तातलं ग्लुटाथायोन मोजताना या चुका टाळा

दरवर्षी प्रोजेक्टची मुलं लॅबमध्ये येतात आणि दरवर्षी त्यांच्या वहीत जीएसएसजीचा आकडा फुगलेला असतो. ग्लुटाथायोन म्हणजे पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणारं रसायन, आणि जीएसएसजी म्हणजे त्याचं ऑक्सिडाइज झालेलं रूप. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींवरचा ऑक्सिडेशनचा ताण, सापडला म्हणून सगळे खूश. तो स्ट्रेस पेशंटच्या अंगात नव्हता, रक्त काढल्यावर ट्यूबमध्ये तयार झाला, हे पटवून देण्यात माझा बराच वेळ जातो.

रक्तातलं जवळजवळ सगळं ग्लुटाथायोन तांबड्या पेशींत असतं, तेही बहुतेक जीएसएचच्या, म्हणजे ऑक्सिडाइज न झालेल्या, रूपात. ऑक्सिडाइज्ड जीएसएसजी निरोगी माणसात एक टक्क्याच्याही आत. आता हिशेब करून बघा. जीएसएच १००० मायक्रोमोलर, जीएसएसजी ५, म्हणजे गुणोत्तर २००. ट्यूबमध्ये एक टक्का जीएसएच ऑक्सिडाइज झालं तर ते ९९० राहतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण जीएसएचचे दोन रेणू मिळून जीएसएसजीचा एक होतो, म्हणून ५ चे १० झाले आणि गुणोत्तर ९९ वर आलं. एवढ्यावर लोक निष्कर्ष लिहून मोकळे होतात.

निपाणीच्या विडी कामगार बायकांवर आमच्याकडच्या एका मुलीनं काम घेतलं होतं. विषय चांगला, मेहनत खरी. रक्त निपाणीत काढलं, साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये भरलं, ट्यूब थेट बर्फात खोचल्या आणि हायवेनं बेळगावला आणल्या. संध्याकाळी प्रथिनं काढायला त्यावर अ‍ॅसिड घातलं. जीएसएसजी कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या रक्ताच्या, कितीतरी पट आलं.

“सर, तंबाखूचा परिणाम किती स्पष्ट दिसतोय बघा.”

“कंट्रोलचं रक्त कुठं काढलंस?”

“इथंच, लॅबमध्ये. लगेच प्रोसेस केलं.”

मग लॅबमधल्याच एकाचं रक्त दोन ट्यूबमध्ये घेतलं. एकात आधीच एनईएम (एन-इथाइलमॅलेइमाइड) होतं, ते जीएसएचला पकडून ठेवतं आणि ऑक्सिडाइज होऊ देत नाही. दुसरी साधी, तिला बर्फात घालून संकेश्वरपर्यंत गाडीनं फिरवून आणायला लावलं. परत आली तेव्हा बर्फाला टेकलेल्या बाजूनं पेशी फुटल्या होत्या. माणूस तोच, रक्त तेच, आणि फिरून आलेल्या ट्यूबमध्ये निपाणीसारखाच आकडा. तंबाखूचा परिणाम असेलही, पण त्या आकड्यांतून तो सांगता येणार नव्हता. सगळे नमुने पुन्हा घ्यावे लागले.

म्हणून माझी सवय अशी: जीएसएसजी हवं असेल तर एनईएम ट्यूबमध्ये आधीच असलं पाहिजे, सुई निघायच्या आत रक्तात मिसळलं पाहिजे. भरपूर घाला, कारण हिमोग्लोबिनचे थायॉल (गंधकाचे) गटही ते खातात. अ‍ॅसिड त्यानंतर. एनईएम नसताना रक्तावर अ‍ॅसिड ओतलं तर त्या क्षणीच जीएसएच ऑक्सिडाइज व्हायला लागतं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. एकूण ग्लुटाथायोनसाठी एनईएम नसलेली ट्यूब वेगळी. आणि उरलेलं एनईएम डायक्लोरोमिथेननं धुऊन काढल्याशिवाय टीट्झच्या पद्धतीकडे जाऊ नका: ती पद्धत ज्या ग्लुटाथायोन रिडक्टेज एन्झाइमवर चालते, तेच एनईएम मारून टाकतं. ट्यूब आणि बर्फ यांच्यात कापड ठेवा. कंट्रोलचं रक्तही त्याच गाडीनं, तेवढाच वेळ घेऊन आलं पाहिजे. हे जमत नसेल तर जीएसएसजी छापू नका. एकूण ग्लुटाथायोन द्या, तेही कामाचं आहे.

दुसरं दुखणं रंगाचं. डीटीएनबी (थायॉलशी मिळून पिवळा रंग देणारं रसायन) घातलं, पिवळा रंग आला नाही, की मुलं आणखी डीटीएनबी ओततात. अरे, आधी पीएच बघा! प्रथिनं काढायला घातलेलं टीसीए अ‍ॅसिड सुपरनेटंटबरोबर, म्हणजे वरच्या स्वच्छ द्रवाबरोबर, ट्यूबमध्ये येतं आणि बफर कमी पडला की पीएच खाली जातो. ही अभिक्रिया ८ च्या आसपास नीट चालते. मी सगळं घालून झाल्यावर एक थेंब पीएच पेपरवर टाकतो. दहा सेकंदांचं काम, पण घाईत असलेल्याला तेही जड जातं. ब्लँकमध्येही (नमुना नसलेल्या ट्यूबमध्ये) तेवढंच अ‍ॅसिड हवं. आणि प्रथिनं न काढता डीटीएनबी घातलंत तर प्रथिनांचे थायॉल मोजाल, ग्लुटाथायोन नाही.

बाकीचं थोडक्यात. जीएसएच स्टँडर्ड (तुलनेसाठी माहीत प्रमाणाचं द्रावण) रोज ताजं करा, कालचं आज तेवढं राहत नाही. डीटीएनबी उजेडात ठेवू नका. रीडिंग ४१२ नॅनोमीटरला. शोषण फार वर गेलं तर नमुना पातळ करून पुन्हा घ्या. एकूण ग्लुटाथायोनमधून जीएसएच काढताना जीएसएसजीची दुप्पट वजा होते, एकपट नाही. गुलाबी दिसणारा प्लाझ्मा फेकून द्या: प्लाझ्मात काही मायक्रोमोलरच ग्लुटाथायोन असतं, थोड्या फुटलेल्या पेशीही तो आकडा फुगवतात. उंदरांच्या यकृतावर काम असेल तर सगळ्यांना दिवसाच्या एकाच वेळी मारा आणि सगळ्यांचा उपास सारखा ठेवा, उपाशीपोटी यकृतातलं जीएसएच घटतं.

फ्रीजरबद्दल एवढंच: उणे २० वर महिनाभर ठेवलेल्या, मध्ये लाईट जाऊन विरघळलेल्या आणि पुन्हा गोठलेल्या नमुन्यांचं जीएसएसजी माझ्याकडे मोजायला आणू नका. उणे ८० नसेल तर ज्या दिवशी रक्त काढाल त्याच दिवशी मोजा, आणि त्या हिशेबानं दिवसाला जमतील तेवढ्याच बायकांना बोलवा.