जुना फ्लॅट घेताय? विसार देण्याआधी तपासणी अशी करून घ्या

पुण्या-मुंबईत रीसेलचा फ्लॅट घेण्याची एक पद्धत पडून गेली आहे. रविवारी संध्याकाळी एजंटाबरोबर पंधरा-वीस मिनिटं फ्लॅट बघायचा, भाव ठरवायचा आणि दुसरं गिऱ्हाईक पुढे यायच्या आत टोकन देऊन मोकळं व्हायचं. कागदपत्रं वकिलाला दाखवतात, इमारत मात्र कुणालाच दाखवत नाहीत. 'बँक कर्ज देतेय म्हणजे घर चांगलंच असणार' असा एक भरवसाही असतो. पण बँकेचा व्हॅल्युअर येतो तो घराची किंमत कर्जाला पुरेशी आहे का, एवढं बघायला. तुमच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपतंय का, हे शोधणं त्याच्या कामात येत नाही. ते तुम्हालाच करून घ्यावं लागतं, आणि ते विसार देण्याआधीच झालं पाहिजे.

आधी क्रम ठरवा

भावाची बोलणी साधारण जुळली की मालकाला स्पष्ट सांगा: इंजिनिअरला घर दाखवतो, मग विसार देतो. बहुतेक मालक हो म्हणतात. एखादा घाई करत असेल आणि तुम्हाला तो फ्लॅट हातचा घालवायचा नसेल, तर थोडीच रक्कम द्या आणि विसार पावतीवर लिहून घ्या की तांत्रिक तपासणीत मोठा दोष निघाला तर अमुक दिवसांत रक्कम पूर्ण परत मिळेल. 'बघू की नंतर' या तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नका. तपासणीलाच साफ नकार मिळाला, तर माझं मत विचाराल तर तो फ्लॅट सोडून द्यावा.

पहिली पाहणी स्वतः करा, आणि पाण्याच्या मागावर राहा

दिवसाउजेडी जा. जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर जा. आपल्याकडच्या घरांची खरी परीक्षा पावसाळ्यातच होते. मे महिन्यात ठणठणीत दिसणारी पश्चिमेकडची भिंत ऑगस्टमध्ये ओलीचिंब असू शकते.

बाथरूमच्या भिंतीची बेडरूमकडची बाजू बघा. त्याच भिंतीला कपाट टेकवलेलं असेल तर ते उघडून पाठीमागे हात लावा. खिडकीच्या खालचे कोपरे, स्लॅब आणि बीम जिथे मिळतात त्या रेषा, किचनच्या सिंकखालची भिंत तपासा. पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा आहे: भिंतीतून पाणी बाहेर येताना क्षार सोबत आणतं आणि वाळून गेलं तरी खूण राहते. रंगाचे पोपडे, गिलावा फुगलेला, दाराच्या चौकटीचा तळ कुजलेला, ही सगळी त्याच पाण्याची कामं. चार भिंतींपैकी एकच नव्याने रंगवलेली असेल, किंवा एकाच भिंतीवर वॉलपेपर अथवा पीव्हीसी पॅनेल असेल, तर कारण विचारा. बाथरूमला फॉल्स सीलिंग असेल तर त्यातली झडप उघडून टॉर्चने वर बघा. वरच्या मजल्याच्या टॉयलेटचे पाइप आणि त्यांच्याभोवतीची स्लॅब तिथेच दिसते.

जुन्या इमारतींत बाथरूमची स्लॅब खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. नहाणी ट्रॅपचा (जाळीखाली पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याचा) सांधा सुटला की पाणी त्या भरावात साचत राहतं. वर टाइल कोरडीच दिसते. म्हणून सगळ्यात उपयोगी पाहणी तुमच्या घरात होतच नाही, ती खालच्या घरात होते. खालच्या मजल्यावरची बेल वाजवा, आपण वरचा फ्लॅट घ्यायचं बघतोय असं सांगा आणि 'काकू, तुमच्याकडे वरून कुठे गळतं का?' असं विचारा. खरी माहिती इथे मिळते, कारण त्यांना त्रास होत असेल तर तो त्यांना सांगायचाच असतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार (सरकारने सोसायट्यांसाठी दिलेल्या नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. घराच्या आतल्या बाथरूमची गळती ही मात्र सभासदाची जबाबदारी. खरेदीखत झालं की ती तुमची होते, आणि वाद सुरू असेल तर तोही.

फ्लॅट रिकामा असेल तर मालकाच्या परवानगीने बाथरूमच्या जाळीला बोळा लावून फरशीवर एक-दोन इंच पाणी चोवीस तास साठवा आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन बघा. हजारो रुपयांच्या उपकरणाइतकीच ही चाचणी बोलकी असते. शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर गच्चीवर जाऊन वॉटरप्रूफिंगचे तडे आणि तुंबलेल्या जाळ्या बघा.

भेगा वाचायच्या कशा

प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेषा, किंवा कॉलम आणि भिंत यांच्या सांध्यावरची उभी रेष, बहुतेक वेळा दोन वेगळी सामग्री वेगवेगळी आकसल्यामुळे पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली रुंद भेग, किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेली भेग मात्र पाया खचल्याची असू शकते. आणि बीम किंवा कॉलमच्या लांबीला धरून सरळ गेलेली, कडेला तांबूस डाग असलेली भेग दिसली तर थांबा. आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. समुद्रालगतच्या मुंबईत आणि कोकणपट्टीत खारी हवा हे काम लवकर करते.

हे घरात झाकलेलं असतं, म्हणून पार्किंगमधले कॉलम, जिन्याखालची स्लॅब, बाहेरचे छज्जे आणि पाण्याच्या टाकीखालचा भाग बघा. तिथे कुणी पीओपी लावत नाही.

आतली एखादी भिंत पाडलीय का, बाल्कनी खोलीत घेतलीय का, पाइपसाठी बीम फोडलाय का, तेही पाहा. महापालिकेच्या मंजूर नकाशाची प्रत हातात धरून खोलीमागून खोली जुळवा. टेपने कार्पेट क्षेत्र मोजा: 2016च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. जाहिरातीतले 'बिल्टअप' आकडे या मोजणीत विसरून जा.

मग इंजिनिअरला बोलवा

तुमच्या पाहणीत काही खटकलं असेल किंवा इमारत पंधरा वर्षांच्या पुढची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी हा टाळायचा खर्च नाही. तो एजंटाने सुचवलेला नसावा. फी आणि अहवालाचं स्वरूप आधी ठरवा: फोटोंसह लेखी अहवाल, दोष कुठे, कारण काय, दुरुस्तीला अंदाजे किती. तो ओलावा मोजण्याचं मीटर वापरेल. गरज पडली आणि सोसायटीने परवानगी दिली तर रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता आणि अल्ट्रासोनिक चाचणीने आतली सलगता तपासता येते. वीजजोडणीही त्याच फेरीत इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. आरसीसीबीचं (वीज गळली तर पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबल्यावर वीज लगेच गेली पाहिजे. अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का, हे मीटर लावूनच कळतं. एसी व गिझरला स्वतंत्र जाड वायर आहे का, तेही बघून घ्या.

सोसायटीच्या कार्यालयात एक तास काढा

स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा, त्याचा तोंडी सारांश नको. उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट 5 वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुन्या इमारतीचं 3 वर्षांतून एकदा व्हायला हवं. मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत सी-1 म्हणजे इमारत रिकामी करून पाडण्याजोगी, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मधल्या सी-2ए आणि सी-2बी या दोन वर्गांत मोठी दुरुस्ती येते आणि तिचा बोजा नव्या सभासदावरही पडतो. म्हणून सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत) किती शिल्लक आहे आणि दुरुस्तीसाठी वर्गणी ठरली आहे का, हे गेल्या दोन वार्षिक सभांच्या इतिवृत्तात वाचा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालं आहे का आणि अभिहस्तांतरण (जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं आहे का, तेही तिथेच विचारा.

उन्हाळ्यातली टँकरची बिलंही मागून घ्या. नदी-नाल्याजवळची इमारत असेल तर पूररेषा तपासा: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 2024च्या जुलैत खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं. वॉचमनला विचारा, पार्किंगमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

अहवाल हातात आल्यावर

इमारतीचा सांगाडाच खराब निघाला तर भाव कमी करून मिळाला तरी घेऊ नका. एका घराच्या दुरुस्तीने तो सुधारत नाही. बाथरूमची गळती, जुनी वायरिंग, फुगलेल्या टाइल्स यांसाठी मात्र दोन कंत्राटदारांकडून लेखी दर घ्या आणि तेवढी रक्कम भावातून वजा करायला सांगा. 'मालक दुरुस्त करून देतील' हे ठरलं, तर काय, कुणी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे करारनाम्यात लिहा आणि शेवटच्या हप्त्यातली काही रक्कम काम झाल्यावर देण्याचं ठरवा.

रेराखालच्या प्रकल्पातला फ्लॅट असेल आणि बिल्डरने ताबा देऊन 5 वर्षं झालेली नसतील, तर बांधकामातले दोष कळवल्यापासून 30 दिवसांत विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी बिल्डरवर आहे. कायद्याच्या व्याख्येत पुढे फ्लॅट विकत घेणाराही येतो. म्हणून मूळ ताबापत्राची प्रत मालकाकडून घ्या, त्यावरच्या तारखेपासून मुदत मोजा आणि तपासणीत निघालेले दोष त्या मुदतीतच बिल्डरला लेखी कळवा.