गरम वाफा आणि रात्रीचा घाम: हार्मोन उपचार नेमके कसे घ्यावेत

पाळी जाण्याच्या सुमारास छातीतून वर गरम वाफ चढते, मान-चेहरा लाल होतो, काही मिनिटांत अंग घामाने भिजतं आणि मग हुडहुडी भरते. इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं हार्मोन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. शरीराचं तापमान किंचित वाढलं तरी ते घाम काढून अंग थंड करायला लागतं. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की या वाफांची संख्या साधारण तीन चतुर्थांशाने घटते. इतका गुण देणारं दुसरं औषध नाही. तरी अनेकींचा उपचार फसतो तो औषधामुळे नाही, तर चुकीचा प्रकार, कमी पडलेली मात्रा किंवा महिनाभरात सोडलेला धीर यामुळे.

वय ४५ च्या पुढे असेल, पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल आणि वाफा येत असतील, तर निदानासाठी हार्मोनच्या रक्ततपासणीची गरज नसते. या काळात एफएसएचची (अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनची) पातळी इतकी वरखाली होते की एका अहवालावरून काहीच ठरत नाही. वय ४५ च्या आत असेल तर मात्र तपासणी हवी. रात्रीच्या घामाबरोबर ताप, घटणारं वजन, रेंगाळणारा खोकला किंवा मानेत-काखेत गाठी असतील, तर तो मेनोपॉज (पाळी जाणं) समजून बसू नका. क्षयरोग, थायरॉइडचं वाढलेलं काम, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर), नैराश्यावरची काही औषधं यांनीही रात्री अंथरूण भिजतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे नोंद ठेवा: दिवसात किती वाफा, रात्री किती वेळा जाग, पाळीच्या तारखा. पुढे मात्रा वाढवायची की नाही, हे याच नोंदीवरून ठरतं. रक्तदाब मोजून घ्या आणि वयाप्रमाणे करायची मॅमोग्राफी राहिली असेल तर उरकून घ्या.

स्तनांचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेला असणं, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला योनीतला रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर हार्मोनची चिठ्ठी मागू नका. रक्तस्रावाचा छडा आधी लावायचा, उपचाराचं नंतर बघायचं.

बाकीच्यांच्या मनात भीती असते ती २००२ साली अमेरिकेतला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातला दोन हार्मोनं एकत्र देणारा भाग मध्येच थांबवला गेला त्याची. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिलेली औषधंही घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) ही होती. स्तनांच्या कॅन्सरची वाढ दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ अशी दिसली. गर्भाशय काढलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांच्या गटात ती वाढ दिसली नाही. धोका खोटा नाही, पण पन्नाशीतल्या, वाफांनी झोप उडालेल्या बाईला तेच आकडे जसेच्या तसे लावणं बरोबर नाही. वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षांच्या आत सुरुवात केली, तर निरोगी बाईसाठी फायद्याचं पारडं बहुधा जड असतं.

आता औषध. इस्ट्रोजेन गोळी, त्वचेवर चिकटवायचा पॅच, जेल किंवा स्प्रे यांतून मिळतं. गोळीत एस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) सहसा रोज ०.५ किंवा १ मिलिग्रॅमने सुरू होतं, पॅचमध्ये २५ ते ५० मायक्रोग्रॅमने. गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेतून दिलेलं इस्ट्रोजेन हा फेरा टाळतं. म्हणून वजन जास्त, ट्रायग्लिसराइड वाढलेले, पित्ताशयाचा त्रास किंवा मायग्रेन असेल, तर पॅच किंवा जेलच मागावं. योनीत घालायची कमी मात्रेची क्रीम कोरडेपणावर चांगली चालते, वाफांवर नाही. ही गल्लत नेहमी होते.

गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन एकटं कधीच घ्यायचं नाही. त्याने आतलं अस्तर जाड होत जातं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच. पाळी पूर्ण थांबली असेल तर मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० मिलिग्रॅम रोज रात्री. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर २०० मिलिग्रॅम, महिन्यातले १२ ते १४ दिवस. ते संपल्यावर पाळीसारखा रक्तस्राव होणं अपेक्षित आहे. या कॅप्सूलने गुंगी येते, म्हणून झोपतानाच घ्यायची. रात्री झोप न लागणाऱ्यांना ही गुंगी उपयोगीच पडते. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, ॲलर्जी असेल तर सांगा. ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) सोडणारं साधन गर्भाशयात बसवलं असेल तर अस्तराचं संरक्षण तेच करतं, वेगळी कॅप्सूल लागत नाही. कॅप्सूल 'जड पडते' म्हणून स्वतःच्या मनाने बंद करून पॅच चालू ठेवणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

पॅच कंबरेखाली, पोटाच्या खालच्या भागावर किंवा नितंबावर लावतात. स्तनांवर कधीच नाही. त्वचा कोरडी हवी आणि तिच्यावर तेल, क्रीम, पावडर काही नको. तळव्याने १० सेकंद दाबून धरा, कडा नीट चिकटल्या पाहिजेत. आठवड्यातून दोनदा बदलायचा असेल तर वार ठरवून टाका, समजा सोमवार आणि गुरुवार. दर वेळी जागा बदला, नाहीतर खाज सुटते. चिकटपणा राहिला तर थोड्या तेलाने पुसा. जेल असेल तर दंडावर किंवा मांडीवर रुंद भागात पातळ पसरवा, चोळून जिरवू नका. वाळेपर्यंत कपडा घालू नका, तासभर तो भाग धुऊ नका, आणि हात लगेच साबणाने धुवा. ओल्या जेलला लहान मुलाचा स्पर्श झाला तर त्याच्या अंगात हार्मोन जातं.

पहिला फरक दोन ते चार आठवड्यांत जाणवतो, पूर्ण गुण यायला तीन महिने लागतात. तोवर मात्रा आठवड्या-आठवड्याला बदलत बसू नका. सुरुवातीला स्तन दुखणं, मळमळ, पोट फुगणं, रक्ताचे थोडे डाग दिसणं हे चालतं. तीन महिन्यांनी वहीतली संख्या फारशी उतरली नसेल, तर आधी पॅच सुटतोय का, जेल पुसलं जातंय का ते बघा, मग मात्रा वाढवायची. रोजच्या प्रोजेस्टेरॉनवर सहा महिन्यांनंतरही रक्तस्राव चालू असेल, किंवा थांबून पुन्हा सुरू झाला, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणं आवश्यक आहे. एका पायाला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, बोलण्यात अडखळणं, यांपैकी काही झालं तर तातडीने दवाखाना गाठा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाल्यावर तिची मात्रा कमी पडू शकते. ६ ते १२ आठवड्यांत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघा. फिट्सवरची कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन आणि क्षयावरचं रिफॅम्पिसिन इस्ट्रोजेनचा जोर कमी करतात, तर इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिन या फिट्सवरच्या औषधाची पातळी घसरते. आणि हा उपचार गर्भनिरोधक नाही. पन्नाशीनंतर पाळी थांबली तर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, पन्नाशीआधी थांबली तर दोन वर्षं वेगळी काळजी घ्यावीच लागते.

हार्मोन घेताच येत नसेल तर फेझोलिनेटंट ४५ मिलिग्रॅम (यकृताच्या तपासण्या सोबत लागतात), व्हेन्लाफॅक्सिन, किंवा रात्रीच्या त्रासाला गॅबापेन्टिन हे पर्याय आहेत. स्तनांच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असलेल्यांनी पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध टाळावं, ते टॅमॉक्सिफेनचं काम अडवतं.

वर्षातून एकदा आढावा घ्या. बंद करायची ठरावीक तारीख नसते. चाळिशीच्या आतच पाळी गेलेल्यांनी मात्र निदान पन्नाशीपर्यंत घ्यावं. हळूहळू कमी करा किंवा एकदम थांबवा, पुढचा फरक थोडाच. सुमारे निम्म्या जणींना वाफा परत येतात. त्या काही आठवड्यांत ओसरल्या नाहीत, तर कमीत कमी चालेल त्या मात्रेवर पुन्हा सुरू करता येतं.