वन्यजीव चित्रीकरणासाठी पहिली उपकरणे कशी निवडावीत?

वन्यजीव चित्रीकरण शिकू पाहणारी बहुतेक मंडळी कोणता कॅमेरा घ्यावा, इथून सुरुवात करतात. छायाचित्रकाराला पक्ष्याचा एक क्षण पुरतो; चित्रीकरण करणाऱ्याला मात्र तो पक्षी काय करतो आहे हे सलग काही मिनिटे, चित्र न हलवता आणि आवाजासकट दाखवायचे असते. म्हणून ट्रायपॉड आणि मायक्रोफोन यांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत कॅमेरा व लेन्स बसवावी, असे माझे ठाम मत आहे.

१. प्राणी आणि जागा आधी ठरवा

ताडोब्यात जिप्सीतून वाघ टिपणे, भिगवणला होडीतून रोहित पक्षी टिपणे आणि गावाबाहेरच्या विहिरीवर सुगरणीची वसाहत टिपणे यांसाठी लागणारी साधने वेगवेगळी आहेत. नवशिक्याने सुगरणीपासून सुरुवात करावी. पावसाळ्यात नर पक्षी रोज त्याच फांदीवर गवताच्या पात्यांचे धागे आणून विणत असतो, अर्धवट घरटे पाहायला मादी येते आणि तिने ते पसंत केल्यावर तो खालची नळी पूर्ण करतो. म्हणजे एकाच जागी, ठरावीक अंतरावरून, सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा पाहायला मिळते. मात्र चित्र मोकळे दिसावे म्हणून घरट्याभोवतालची एकही फांदी तोडू नये आणि पक्षी विचलित होताच मागे सरावे.

२. आधार

छायाचित्रणाचा बॉल हेड (कॅमेरा कोणत्याही दिशेला वळवून घट्ट करता येणारा गोळ्याचा सांधा) असलेला ट्रायपॉड इथे उपयोगाचा नाही. कॅमेरा संथ गतीने फिरवता यावा यासाठी फ्लुइड हेड, म्हणजे आतील दाट द्रवामुळे धक्का न देता फिरणारे हेड लागते, आणि ते तुमच्या कॅमेरा व लेन्सच्या एकत्रित वजनापेक्षा बरेच जास्त वजन पेलणारे असावे. दुकानात लेन्स लावून हँडल सोडून पाहावे. कॅमेरा आपोआप पुढे झुकत असेल किंवा फिरवणे थांबवताच चित्र मागे उसळत असेल, तर ते हेड घेऊ नये. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते, तिथे तांदूळ किंवा ज्वारी भरलेली जाड कापडाची पिशवी गजावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. होडीत दोन्ही फारसे कामाला येत नाहीत. तिथे कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील स्थिरीकरणावरच विसंबावे लागते.

३. कॅमेरा आणि लेन्स

एपीएस-सी सेन्सरचा (चित्र टिपणारा हा भाग फुल-फ्रेमपेक्षा लहान असतो), फोर-के चित्रीकरण करणारा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा सुरुवातीला पुरेसा आहे. लेन्सचा मिमीतला आकडा जितका मोठा, तितके दूरचे दृश्य जवळ येते. ४०० मिमी लेन्स लावली तर २० मीटरवर त्याच्या चौकटीत सुमारे १.२ मीटर रुंदीचा भाग येतो, म्हणजे सुगरणीचे संपूर्ण घरटे सहज बसते. शिवाय फोर-केची रुंदी ३८४० पिक्सेल आणि फुल एचडीची १९२०, त्यामुळे अंतिम चित्रफीत फुल एचडीत करायची असेल तर संपादनात निम्मी चौकट कापूनही तपशील टिकतो. १००-४०० मिमीची हलकी झूम लेन्स यासाठी उत्तम. १५०-६०० मिमीची लेन्स सुमारे दोन किलोची असते आणि तिच्यामुळे ट्रायपॉडचाही खर्च वाढतो. लांब लेन्सबद्दल आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचे चित्र पाण्याखालून पाहिल्यासारखे हलते. कितीही महाग लेन्स हा दोष काढू शकत नाही, त्यावर सकाळ लवकर गाठणे किंवा अंतर कमी करणे हेच उपाय आहेत.

बजेट कमी असल्यास सोनी आरएक्स१० मार्क ४ सारखा, २४-६०० मिमीइतका आवाका असलेला न बदलणाऱ्या लेन्सचा कॅमेरा वापरलेल्या स्थितीत मिळतो का ते पाहावे. कोणताही कॅमेरा घेताना त्याला मायक्रोफोनची खाच आहे का, उन्हात पाहता येईल असा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून चित्र पाहायची खिडकी) आहे का आणि सेकंदाला १०० किंवा १२० चौकटी टिपता येतात का, हे तपासावे. २५ चौकटींच्या गतीवर १०० चौकटी चालवल्यास पंखांची फडफड चौपट संथ दिसते.

४. प्रकाश आणि साठवण

सेकंदाला २५ चौकटी टिपताना शटर १/५० सेकंद ठेवले की हालचाल नैसर्गिक दिसते. परंतु भर उन्हात चित्र पांढरे पडते, म्हणून लेन्सच्या मापाचा एनडी फिल्टर, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच, लागतोच. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने तासाला सुमारे ४५ जीबी भरतात, त्यामुळे १२८ जीबीचे एक कार्ड तीन तासही पुरत नाही. व्ही३० (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याचा वेग) किंवा त्यावरचा दर्जा असलेली दोन कार्डे आणि किमान एक जादा बॅटरी घ्यावी.

५. आवाज

लेन्स दूरचे दृश्य जवळ आणते, मायक्रोफोन दूरचा आवाज जवळ आणत नाही. कॅमेऱ्यावर बसवलेला शॉटगन, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा लांबट मायक्रोफोनही २० मीटरवरच्या किलबिलाटापेक्षा तुमच्या शेजारच्या माणसाची कुजबुज ठळक टिपतो. म्हणून एक छोटा स्वतंत्र रेकॉर्डर घ्यावा, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ आवरण चढवावे आणि पक्षी यायच्या आधी तो झाडाजवळ ठेवून दूर यावे. प्रत्येक जागेचा काही मिनिटांचा नुसता परिसरध्वनीही नोंदवून ठेवावा. संपादनात दोन दृश्ये सांधताना त्याची किंमत कळते.

६. खरेदीपूर्वी

पुण्या-मुंबईत कॅमेरे आणि लेन्स भाड्याने मिळतात. निवडलेला संच एका शनिवार-रविवारी भाड्याने आणावा आणि कॅमेरा उन्हात ठेवून अर्धा तास सलग चित्रीकरण करावे, कारण काही कॅमेरे फोर-केमध्ये तापून बंद पडतात आणि विदर्भाच्या मे महिन्यात ही अडचण हमखास येते. वापरलेली लेन्स घेताना आतून विजेरीचा प्रकाश टाकून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावे, विशेषतः ती कोकणात राहिलेली असेल तर. ड्रोन या यादीत ठेवू नये. अभयारण्यात आणि व्याघ्रप्रकल्पात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. तिथे व्यावसायिक चित्रीकरणालाही वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि तिचा अर्ज बराच आधी करावा लागतो.