संत्र्याच्या चुरीपासून घरगुती व्हिनेगर

विदर्भातील वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात संत्र्याची बाग विकली गेली की व्यापारी मोठी फळे कॅरेटमध्ये भरून नेतो आणि लहान आकाराची चुरी मातीमोल भावाने जाते किंवा बांधावर टाकली जाते. या चुरीचे घरच्या घरी उत्तम व्हिनेगर करता येते. त्यातून बागेचा खर्च निघेल असे कोणी समजू नये. परंतु एका घराला वर्षभर पुरेल इतके व्हिनेगर दहा किलो फळांत सहज होते.

सफरचंदाच्या रसापासून आधी सायडर हे सौम्य मद्य आणि मग त्याचे व्हिनेगर होते, त्याच क्रमाने संत्र्याचा रसही जातो. यीस्ट रसातील साखरेचे अल्कोहोल करते आणि त्यानंतर ॲसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेतील प्राणवायू घेऊन त्या अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत तर पूर्ण दारूबंदी आहे. म्हणून मधल्या अवस्थेतील रस साठवू नये व पिऊ नये. पहिला टप्पा संपताच त्याच दिवशी त्यात व्हिनेगर मिसळून पुढचे काम सुरू करावे. मोठ्या प्रमाणावर किंवा विक्रीसाठी करण्याचा विचार असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या स्थानिक कार्यालयात आधी चौकशी करावी आणि अन्नपदार्थांसाठी लागणारी नोंदणीही करून घ्यावी.

फळे पूर्ण पिकलेली घ्यावीत. चुरी लहान असली तरी चालते. बुरशी आलेली, अळी पडलेली किंवा देठाजवळ काळी पडलेली फळे मात्र सरळ बाजूला काढावीत, कारण आंबवण्याने सडका वास जात नाही, उलट वाढतो. शेवटच्या फवारणीनंतर औषधाच्या डब्यावर दिलेला प्रतीक्षा काळ संपला आहे याची खात्री करून फळे स्वच्छ धुवावीत व कोरडी करावीत.

रस काढण्याच्या पायरीवर सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे ती हाताने सहज सुटते. ती पूर्ण काढावी, कारण सालीतील तेल यीस्टला मारक ठरते आणि आंबण्याची क्रिया अडखळते. सोललेल्या फोडी मिक्सरमध्ये फिरवण्याचा मोह टाळावा. बी फुटले की कडवटपणा उतरतोच. शिवाय फोडीच्या पांढऱ्या पडद्यांत असा एक घटक असतो, ज्याची स्वतःची चव कडू नसते, पण रसाच्या आंबटपणात काही तासांनी त्याचे लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होते. सकाळी गोड लागलेला रस संध्याकाळी कडू लागतो तो यामुळेच. तेव्हा फोडी हाताने किंवा लाकडी दट्ट्याने हलकेच दाबाव्यात, मलमलीच्या अथवा जुन्या धुतलेल्या धोतराच्या कापडातून रस गाळावा आणि चोथा त्यात तासन्‌तास भिजत ठेवू नये. फळ जितके पक्व, तितका हा दोष कमी. म्हणून आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणारी, घाईने तोडलेली फळे मी या कामासाठी घेणार नाही.

दहा किलो फळांतून साधारण ४ लिटर रस मिळतो. रसातील साखर मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर त्याचा गोडवा बहुधा ९ ते १० भरतो. एवढ्या साखरेतून होणारे व्हिनेगर पातळ पडण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येक लिटरला ४० ते ५० ग्रॅम साखर विरघळवावी. गूळही चालतो, पण रंग काळपट होतो आणि संत्र्याचा गंध दबतो.

आंबवण्यासाठी काचेची बरणी सर्वांत चांगली. तांब्या-पितळेची व जर्मनची (ॲल्युमिनियमची) भांडी आम्लाने खराब होतात आणि धातू रसात उतरतो. जुन्या चिनीमातीच्या बरण्यांच्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून त्याही नकोत. उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या बरणीत तीन चतुर्थांश रस भरावा, कारण फेस वर येतो. १ ते २ ग्रॅम कोरडे यीस्ट कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून त्यात घालावे. वाइनचे यीस्ट मिळाले तर उत्तम, अन्यथा बेकरीचे चालते. झाकणाला भोक पाडून त्यातून बारीक नळी काढावी आणि तिचे दुसरे टोक पाण्याच्या ग्लासात बुडवावे, म्हणजे आतला वायू बाहेर पडतो, पण हवा आत जात नाही. झाकण घट्ट लावलेली बरणी फुटते.

या टप्प्याला २० ते २८ अंश तापमान मानवते. डिसेंबरच्या थंड रात्री बरणी खोक्यात ठेवून सभोवती सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार (भुसा) भरावे. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा अशा उबेची गरज राहत नाही. साधारण एक ते दोन आठवड्यांत बुडबुडे थांबतात, गोडवा जातो आणि गाळ तळाशी बसतो. वरचा निवळ रस नळीने अलगद दुसऱ्या बरणीत काढावा.

घरच्या व्हिनेगरची बहुतेक फसगत हे दोन टप्पे एकत्र उरकण्याच्या घाईत होते. पहिल्याला हवा नको असते, दुसऱ्याला हवेशिवाय चालत नाही. म्हणून आता रुंद तोंडाची बरणी घ्यावी, ती अर्धीच भरावी आणि रसाच्या चौथाई इतके कच्चे, न उकळलेले व्हिनेगर विरजणासारखे त्यात मिसळावे. बाजारात 'मदर' असे लिहिलेल्या सफरचंदाच्या व्हिनेगरच्या बाटलीत हे जिवाणू जिवंत असतात. साधे पांढरे कृत्रिम व्हिनेगर येथे निरुपयोगी आहे. तोंडावर दुहेरी कापड घट्ट बांधावे, नाहीतर चिलटे आत शिरून अंडी घालतात.

काही दिवसांत पृष्ठभागावर पातळ, चिवट साय धरते. ती मोडू नये व बरणी हलवू नये. पांढरा सुरकुतलेला थर आला तर तो काढून टाकता येतो. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी आली तर सगळेच फेकावे. २५ ते ३० अंशांत हे काम एक ते दोन महिन्यांत होते. एप्रिलनंतर आपल्याकडचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जिवाणू मंदावतात आणि अल्कोहोलही उडून जाते. त्यामुळे बरणी मातीच्या भिंतींच्या खोलीत, सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी.

तिखट वास आला म्हणजे व्हिनेगर तयार झाले असे नव्हे. शाळेतील रसायनशास्त्राच्या शिक्षकांच्या मदतीने १० मिलिलिटर व्हिनेगर पाण्यात मिसळून, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब घालून, ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडत त्याचे अनुमापन (टायट्रेशन) करावे. फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत लागलेल्या प्रत्येक मिलिलिटरमागे ०.३ टक्के आम्ल धरावे. फळातले थोडे सायट्रिक आम्लही यात मोजले जाते. विक्रीच्या व्हिनेगरला भारतीय अन्न मानकांनुसार किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल लागते. घरचे व्हिनेगर चटणीत, कोशिंबिरीत किंवा मांस मुरवण्यासाठी निर्धास्त वापरावे. वर्षभर टिकवायच्या लोणच्यात मात्र मोजल्याशिवाय घालू नये.

तयार व्हिनेगर गाळून स्टीलच्या पातेल्यात ६५ ते ७० अंशांपर्यंत दहा मिनिटे गरम करावे आणि काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरावे. बाटलीत हवा राहिली व जिवाणू जिवंत असले, तर अल्कोहोल संपल्यावर ते आम्लच खाऊ लागतात. पत्र्याचे झाकण गंजते, म्हणून बूच किंवा प्लॅस्टिकचे झाकण लावावे. गरम करण्यापूर्वी अर्धा लिटर व्हिनेगर सायीसह वेगळे काढून कापड बांधून ठेवले, तर पुढच्या बहाराला बाजारातून बाटली आणावी लागत नाही.