क्लाउडवर सगळं सोपवताय? या चुका टाळा

नवा कॉम्प्युटर सुरू करताना तो आधी खातं मागतो. 'पुढे', 'पुढे' करत गेलं की डेस्कटॉपवरच्या फाइल कंपनीच्या सर्व्हरवर जायला लागतात. फोनचंही तेच. फोटो काढला की तो आपोआप वर जातो आणि जागा कमी पडली की फोनमध्ये फक्त छोटी, पुसट प्रत उरते. अ‍ॅमेझॉनची एस३ ही साठवण सेवा २००६ साली सुरू झाली, ड्रॉपबॉक्स २००८ साली लोकांसाठी खुलं झालं, आयक्लाउड २०११ साली आणि गुगल ड्राइव्ह २०१२ साली आलं. एवढ्या थोड्या काळात आपली कागदपत्रं, फोटो, पत्रव्यवहार आपल्या हातातून तिकडे, म्हणजे क्लाउडवर, गेले, आणि बहुतेकांनी ते ठरवून केलेलंच नाही.

'क्लाउड सुरक्षित आहे का?' या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत नाही. मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर कपाटातल्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी नीट सांभाळलेली असतात, हे मान्यच करायला हवं. पण दोन गोष्टी स्वतःला विचारा. फाइल उघडायची किल्ली कोणाकडे आहे? आणि उद्या सकाळी खातं बंद झालेलं दिसलं, तर माझ्या हातात काय उरेल? खालच्या बहुतेक चुका या दोन प्रश्नांकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

सिंकलाच बॅकअप समजणं

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. सिंकचं काम एकच: सगळ्या उपकरणांवर सारखी स्थिती ठेवणं. फोनवरून फोटो पुसला की तो क्लाउडमधून आणि टॅबलेटवरूनही जातो. चुकून मजकूर उडवून सेव्ह केलेली फाइल काही सेकंदांत सगळीकडे रिकामी होते. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, निकामी केलेल्या फाइलही तशाच इमानेइतबारे वर चढतात. परतीची वाट असते, पण ती मुदतीची. गुगल ड्राइव्हमधलं ट्रॅश ३० दिवसांनी रिकामं होतं. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तर ६० दिवस मिळतात. तीन महिन्यांनी लक्षात आलं, तर तिथे काहीच नसतं.

फोनमध्ये जागा हवी म्हणून 'क्लाउडमध्ये आहेतच' असं म्हणत गॅलरीतले फोटो हाताने पुसू नका. गुगल फोटोज वापरत असाल तर त्यातला 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरा; तो बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतो. आयफोनवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोन हे काम स्वतःच करतो.

आता एक तपासणी आजच करून पाहा. इंटरनेट बंद करा आणि कॉम्प्युटरवरच्या जुन्या, महत्त्वाच्या फाइल एकेक उघडा. ज्या उघडत नाहीत, त्या तुमच्या मशीनवर नाहीतच; दिसतं ते फक्त नाव आणि चिन्ह. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउड सेवेत अशा फाइलजवळ ढगाचं चिन्ह असतं. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडलं की खरी फाइल खाली येते. गुगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये 'स्ट्रीम' ऐवजी 'मिरर' निवडावं लागतं.

पण गुगल डॉक्स आणि शीट्सच्या बाबतीत तेवढ्यानेही भागत नाही. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये दिसणारी डॉक्सची फाइल म्हणजे निव्वळ एक दुवा असतो, तिच्यात मजकूर नसतोच. असा फोल्डर जशाच्या तसा पेन ड्राइव्हवर उतरवून निर्धास्त झालेल्यांना गरज पडते तेव्हा कळतं की उतरले ते फक्त दुवे. मजकूर हवा असेल तर तो वर्ड किंवा पीडीएफ म्हणून डाउनलोड करावा लागतो. माझ्या मते ही या यादीतली सगळ्यात फसवी चूक आहे, कारण इथे माणसाने काळजी घेतलेली असते आणि तरीही हाती काही लागत नाही.

कंपनीकडून काही हरवणारच नाही, हेही गृहीत धरू नका. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत जळाली. ज्या ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांच्यातल्या काहींचा डेटा कायमचा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांची जी-ड्राइव्ह ही साठवण, सुमारे ८५८ टेराबाइट, बाहेर बॅकअप नसल्याने नष्ट झाली. याउलट मे २०२४ मधली ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गोष्ट पाहा. गुगल क्लाउडकडच्या चुकीने त्यांची सगळी व्यवस्थाच पुसली गेली, पण त्यांनी दुसऱ्या एका सेवादात्याकडे बॅकअप ठेवला होता, म्हणून ते सावरले.

छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम म्हणूनच अजून टिकून आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी. क्लाउड ही त्यातली एक प्रत धरा. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा आणि काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत क्लाउडइतकीच सहज सापडते.

'एन्क्रिप्टेड' हा शब्द वाचून निश्चिंत होणं

जवळपास प्रत्येक सेवा सांगते की तुमचा डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदललेला, आहे. ते खोटं नसतं. वर जाताना तो एन्क्रिप्ट होतो, सर्व्हरवर पडून असतानाही असतो. पण किल्ली कंपनीकडेच असते. घराला उत्तम कुलूप लावून किल्ली सोसायटीच्या ऑफिसात टांगावी, तसं हे आहे. कुलूप चोरासाठी खरं, पण किल्ली ज्याच्या हाती तो आत येऊ शकतो.

याचा अर्थ काय होतो, ते १९ जून २०११ रोजी दिसलं. ड्रॉपबॉक्सच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे चार तास कोणत्याही खात्यात कोणताही पासवर्ड टाकून आत जाता येत होतं. फाइल एन्क्रिप्ट केलेल्याच होत्या. पण त्या उघडून देण्याचं काम कंपनीच्याच यंत्रणेकडे असल्यामुळे त्या एन्क्रिप्शनचा त्या चार तासांत काही उपयोग नव्हता.

सरकारांचा प्रश्नही इथेच येतो. २०१३ साली अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून, इंटरनेट कंपन्यांकडून लोकांचा डेटा मिळवणारा अमेरिकेचा प्रिझम हा गुप्त कार्यक्रम जगाला कळला. २०१८ साली अमेरिकेने क्लाउड अ‍ॅक्ट हा कायदा केला. त्यानुसार सर्व्हर दुसऱ्या देशात असला तरी अमेरिकी कंपनीला कायदेशीर आदेशावरून तिच्या ताब्यातला डेटा द्यावा लागू शकतो. म्हणजे 'आमचे सर्व्हर तुमच्याच देशात आहेत' एवढ्या आश्वासनावर विसंबता येत नाही. कंपनीकडे किल्लीच नसेल, तर मात्र तिला वाचता येईल असं काही देताच येत नाही. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' आणलं ते याच तत्त्वावर: आयक्लाउडमधले बॅकअप आणि फोटो यांची किल्ली फक्त वापरकर्त्याच्या उपकरणांवर. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या मागणीनंतर अ‍ॅपलने ही सोय ब्रिटनमध्ये मागे घेतली. एखादी सोय आज आहे, म्हणून ती कायम राहील असं नाही.

करायचं काय? सगळंच्या सगळं लपवायला जाऊ नका. कंटाळा येतो आणि आठवड्यात सोडून दिलं जातं. ओळखपत्रं, वैद्यकीय अहवाल, बँकेचे आणि कराचे कागद, खासगी फोटो, दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेली माहिती, एवढं वेगळं काढा. त्यासाठी क्रिप्टोमेटर हे मुक्त सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते तुमच्या ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्येच एक तिजोरी बनवतं आणि फाइल वर जाण्याआधी तुमच्या मशीनवर एन्क्रिप्ट करतं, नावांसकट. व्हेराक्रिप्टही उत्तम आहे, पण त्याची तिजोरी म्हणजे एकच मोठी फाइल असल्याने सिंकसाठी ती अवघड जाते. वेगळी सेवाच घ्यायची असेल तर प्रोटॉन ड्राइव्ह आणि ट्रेसोरिट यांत एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे किल्ली फक्त वापरकर्त्याकडे असणं, मुळातच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांनी एक जागा जरूर तपासावी. संदेश जाताना-येताना एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, पण क्लाउडमधल्या बॅकअपसाठी ही सोय २०२१ साली आली आणि ती आपणहून चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअपमध्ये पाहा.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगतो. किल्ली तुमच्याकडे आली की जबाबदारीही तुमच्याकडे येते. 'पासवर्ड विसरलात?' हे बटण इथे तिजोरी उघडून देणार नाही. पासवर्ड आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास तिजोरी उघडणारी राखीव किल्ली) कागदावर लिहा आणि त्या कागदाच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्या फाइलींच्याच क्लाउडमध्ये तर मुळीच ठेवू नका.

आयुष्य एकाच खात्याला बांधणं

ईमेल, फोटो, कागदपत्रं, पासवर्ड, कधी फोन नंबरसुद्धा एकाच कंपनीकडे. सोयीचं आहे खरं. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेलं एक प्रकरण वाचून मी अस्वस्थ झालो होतो. अमेरिकेतल्या एका वडिलांनी लहान मुलाच्या दुखण्याचे फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले. ते आपोआप गुगलवर चढले, यंत्रणेला ते बालशोषणाचे वाटले आणि खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नसल्याचं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. वर्षांचे फोटो, मेल, संपर्क सगळं त्यात होतं.

अशा वेळी दाद मागायला समोर माणूस सापडणं फार कठीण असतं, म्हणून तयारी आधीच हवी. गुगल टेकआउट या, आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीत दर दोन महिन्यांनी आपोआप निर्यात व्हावी असं वर्षभरासाठी लावता येतं. तयार झालेल्या फाइलचा दुवा थोडेच दिवस चालतो, तेव्हा मेल आला की लगेच उतरवून घ्या. बँकेसारख्या ठिकाणी दिलेला ईमेल आणि मुख्य साठवणीचं खातं वेगवेगळ्या कंपन्यांचं ठेवलं, तर एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं राहतं. खातं बंद झालंच, तर अपील एकदाच पण नीट, कागदपत्रं जोडून करा, आणि त्या ईमेलवर चालणाऱ्या बाकीच्या खात्यांचा ईमेल त्याच दिवशी बदलायला घ्या.

न वापरलेली खातीही अशीच जातात. दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून पुसतं आहे. जुन्या खात्यात फोटो असतील तर आज लॉगिन करा.

दार स्वतःच उघडं ठेवणं

बहुतेक गळतीमागे साधी कारणं असतात. २०१४ साली प्रसिद्ध व्यक्तींचे आयक्लाउडमधले फोटो बाहेर आले, ते फसव्या ईमेलने पासवर्ड काढून घेऊन. ड्रॉपबॉक्सचे ६ कोटी ८० लाखांहून जास्त लॉगिन तपशील २०१२ साली चोरीला गेले, त्याच्या मुळाशी एका कर्मचाऱ्याने दोन ठिकाणी वापरलेला एकच पासवर्ड होता. म्हणून साठवणीच्या खात्याला स्वतंत्र पासवर्ड ठेवा, पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन) किंवा लॉगिनसाठी बदलता कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा, रिकव्हरी कोड छापून ठेवा.

शिवाय 'लिंक असलेला कोणीही पाहू शकतो' असं शेअर केलेलं काय काय आहे, तेही पाहा. काम झाल्यावर या लिंक बंद करायचं राहून जातं. त्याच बैठकीत खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन कुठकुठल्या अ‍ॅपना ड्राइव्ह वाचायची परवानगी दिलेली आहे ते तपासा आणि अनोळखी वाटणारी काढून टाका.

वनड्राइव्ह रागाने बंद करणं

विंडोजमध्ये वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप बंद केला की अनेकांचा डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि पोटात गोळा येतो. फाइल गेलेल्या नसतात. त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' मध्ये असतात. घाबरून खातं काढू नका, काही पुसू नका. आधी त्या फोल्डरमधल्या फाइल पूर्ण खाली उतरवा, मग कॉपी करून मूळ जागी आणा, उघडून पाहा, आणि त्यानंतरच वनड्राइव्ह बंद करा.

अविश्वासापोटी सगळंच घरी आणणं

क्लाउडवरचा विश्वास उडाला की लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात. सगळं एका हार्ड डिस्कवर, आणि ती एकच. किंवा घरच्या नेटवर्कवरची साठवण पेटी, जी बाहेरूनही उघडावी म्हणून थेट इंटरनेटला जोडलेली. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या पेट्या जगभरात दुरून रिसेट झाल्या आणि लोकांचा डेटा पुसला गेला. कंपनीने त्यांचे अपडेट २०१५ सालीच थांबवले होते. घरची पेटी ठेवायची असेल तर ती अपडेट ठेवा, इंटरनेटला थेट उघडी करू नका, बाहेरून लागलीच तर व्हीपीएनमधून, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी जोडणीतून, वापरा. आणि तिचाही बॅकअप हवा. त्या बाहेरच्या प्रतीसाठी एन्क्रिप्ट करून वर पाठवलेला क्लाउड खुशाल वापरा.

मागे राहणाऱ्यांचा विचार न करणं

किल्ली फक्त एकालाच माहीत असेल, तर त्या माणसाच्या पश्चात घरच्यांना मुलांचे फोटोही मिळत नाहीत. गुगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे: खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही, तर कोणाला काय द्यायचं ते आधी लिहून ठेवता येतं. अ‍ॅपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. त्यासाठी मिळणारी अ‍ॅक्सेस की त्या व्यक्तीला मेसेजने पाठवता येते किंवा छापून हातात देता येते. क्रिप्टोमेटरसारख्या तिजोरीला मात्र अशी सोय नाही. तिचा पासवर्ड कुठल्या पाकिटात आहे, हे घरातल्या निदान एका माणसाला आजच सांगून ठेवा, आणि त्याच्याकडून ती एकदा उघडवून घ्या.